संध्याकाळी परत

बुधवारी जेवण झालं की कालमान मेणकापड पुसतो,
दोनदा; दुसऱ्यांदा कोरड्या फडक्यानं.
मग त्यावर माझा उद्याचा दिवस मांडतो.

एकोणचाळीस वर्षं न्युगाती स्टेशनात
चौकशीच्या काचेमागे बसलेला माणूस.
अख्खं बुडापेस्ट त्यानं गावोगाव धाडलं,
स्वतः मात्र रोज
सहा नंबरच्या ट्रामनं घरी.

आता गुडघे म्हणतात, चौथा मजला पुरे.
लिफ्ट येणार, अशी जिन्यात नोटीस आहे,
तीही पिवळी पडली.
आणि मला पासष्ट पूर्ण झाली.
या देशात त्यानंतर गाडीला तिकीट लागत नाही.
"फुकट आहे, एटेल," तो म्हणाला, "आणि तू घरात?"
जणू मी समोर बसून दूध उतू जाऊ देतेय.

तेव्हापासून दर गुरुवारी मी जाते.
चिठ्ठी जुन्या बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
गाडी किती वाजता, फलाट (बहुधा) कितवा,
कुठल्या बाजूला बसलं की नदी दिसते.
सेंटएंद्रेला उन्हाळ्यात नको,
तिथे पाहुणे एकमेकांचेच फोटो काढतात;
फेब्रुवारीत जा, थंडीत गाव जरा खरं बोलतं.
एस्टरगोमला पूल ओलांड, पलीकडे स्लोव्हाकिया,
तिथे एक बीयर पी, म्हणजे परदेशही होईल.
गॉडॉलोचा राजवाडा बाहेरूनच बघ,
आत पायांना फार पडतं.
आणि प्रत्येक चिठ्ठीत शेवटी, खाली रेघ मारून:
संध्याकाळी परत.

परतीची उशिराची गाडी त्यानं मला कधी दिली नाही.
सहाला त्याची गोळी.
डबी तो उघडतो स्वतःच,
फक्त उघडताना कोणी बघत नाहीये
असं दाखवायला कोणीतरी लागतं.

आले की हिशेब द्यायचा.
कमान पाहिलीस? फेरी चालू होती?
फलाटावरचं घड्याळ अजून मागेच का?
डोळे मिटून ऐकतो,
मधलं एखादं स्टेशन गाळलं
तर बोट वर करतो.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी वात्सची चिठ्ठी होती.
न्युगाती आलं, ट्रामचं दार उघडलं,
माणसं उतरली, मी उतरले नाही.
का, ते नीट सांगता येत नाही.
दमले नव्हते. रागही नव्हता.
शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथून परत,
पुन्हा तिकडे.
मार्गिट पुलावरून नदी दिसली, अकरा वेळा.
एकदा एक लंगडा कुत्रा चढला, मालकासकट,
आणि माझ्या बुटांवर हनुवटी टेकून झोपला.
त्याच्यासाठी मी दोन थांबे जास्त बसले,
नाहीतरी उतरायचं कुठे होतं.
पिशवीतला पाव आणि काकडीचं लोणचं
रुमालाआडून खाल्लं, शाळकरी पोरीसारखं.
सहाच्या आत घरी.

कमान? पाहिली.
नदी? करडी, चढलेली. हे खरंच होतं.
फेरीत एक कुत्रा होता, म्हटलं, लंगडा,
ज्याला पलीकडचं गाव ठाऊक होतं.
इतकी रंगले
की वात्सला पाऊसही पाडला थोडा.
कालमान ऐकत राहिला.
बोट एकदाही वर केलं नाही.

रात्री भांडी घासताना रेडिओ सांगत होता,
वात्सच्या मार्गावर तार तुटलेली,
सकाळपासून एकही गाडी सुटली नव्हती.
आमच्याकडे रेडिओ दिवसभर चालू असतो.

मी नळ तसाच चालू ठेवला.

पुढच्या बुधवारी त्यानं मेणकापड पुसलं,
दोनदा.
पेन्सिलीला टोक काढत बराच वेळ बसला.
चिठ्ठी माझ्या कोटाच्या खिशात
स्वतःच ठेवली, घडी करून.

सकाळी ट्राममध्ये उघडली.
गाव नाही, गाडी नाही, फलाट नाही.
तळाशी तेवढं:
संध्याकाळी परत.
या खेपेला खाली रेघ नव्हती.